कडी नसलेल्या घराचे मालक

घर भाड्यानं बघायला गेले तेव्हा मी आधी चूल बघितली, मग न्हाणी, आणि शेवटी दाराला हात लावला. दार चांगलं सागाचं, जाडजूड. पण कडी नाही. आतून नाही, बाहेरून नाही. जिथं कडी असायची तिथं खिळ्यांची भोकं होती, आणि तीही भुसा आणि डिंक कालवून नीट बुजवलेली. मी मालकांकडे पाहिलं. मालक वर आभाळाकडे पाहत होते.

"भाऊ, कडी कुठी गेली?"

"काढली."

"अन् चोर आला तं?"

"कडी चोराले अडवत नाई बाई. कडी घरच्याले अडवते. कुत्रं येत असन तं खाली गोटा लावजो. पण आतून पायानं ढकलला का सरकला पाह्यजे, एवढाच."

मी मूळची ब्रह्मपुरीकडची, धानाच्या मुलखातली. आमचे हे सिमेंटच्या कारखान्यात कामगारांच्या बसवर ड्रायव्हर लागले, म्हणून आम्ही कोरपना तालुक्यातल्या त्या गावात आलो. दुसरीकडे खोली मिळेना. म्हटलं, कडीवाचून कोणाचं अडतं? घरात सोनं-नाणं असं होतंच काय! राहिलो. राहिलो ते चांगली काही वर्षं राहिलो. आणि त्या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त हसवलं कोणी आणि सगळ्यात जास्त धसका कोणी दिला, असं विचाराल तर या एकाच माणसाचं, आमच्या घरमालकांचं, नाव सांगीन. नाव म्हणजे, गल्लीत त्यांना फौजीभाऊच म्हणत, तेच सांगते.

आमच्या शेजारच्याच खोलीत एकटे राहत. उंच, हडकुळे, अंगात बाराही महिने खाकी अर्धी पँट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला नोकरीवर. तरुणपणी फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पलीकडच्यांनी धरून नेलं, आणि वर्षभर कैदेत राहून परत आले. हे गावाला माहीत होतं, पण जसं कोणाच्या लहानपणच्या गोवराचं माहीत असतं तसं. होऊन गेलं, संपलं.

कैदेतलं ते सांगत ते सगळं खाण्यापिण्याचंच. "तिकडे बी माणसंच होते बाई. दाळ मात्र पातळ." नाहीतर, "शलजमचा कंद तुले माईत नाई, बरी हायेस." कैदेत वेळ जाईना म्हणून फाटक्या स्वेटरचे धागे उसवून दोन काड्यांवर विणायला शिकले होते. गल्लीत कोणाकडे लेकरू जन्मलं की फौजीभाऊंचं लोकरीचं टोपरं आलंच. आमचा चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्हा, वैशाखात अंगणात पापड ठेवला तर भाजून निघावा असं ऊन, आणि पाळण्यात लेकरू लोकरीचं टोपरं घालून घामानं निथळतंय! आया बिचाऱ्या, भाऊ गल्लीच्या टोकापर्यंत गेले की टोपरं काढायच्या, आणि परत येताना दिसले की घालायच्या.

न्हाणीलाही कडी नव्हती, हे मी मुद्दाम उशिरा सांगते. तिथला नियम असा, की आत जो असेल त्यानं तोंड बंद ठेवायचं नाही. गाणं म्हणा, देवाचं नाव घ्या, पाढे म्हणा, पण बाहेर ऐकू आलं पाहिजे. मी ओव्या म्हणायचे. आमच्या ह्यांना गाणं येत नाही, देवाचं फारसं नाही. ते अंगावर पाणी घेत बसचे थांबे ओरडायचे. "गडचांदूर! राजुरा! बल्लारशा! चांदा!" आणि बाहेर बादली घेऊन उभे फौजीभाऊ म्हणायचे, "बल्लारशा गेलं का? मंग निंगा आता, ड्रायव्हरसाहेब, चांद्याले पाणी पुरत नाई."

फौजीभाऊ एसटीत बसले की दाराजवळच. कंडक्टरनं दार लावलं की भाऊंचा हात खिटीवर. मग भांडण. शेवटी त्यांनी एसटी सोडली आणि काळीपिवळी धरली. तिथंही जीपवाला आत सीट द्यायचा, तर भाऊ मागच्या पायरीवर लोंबकळत. "भाऊ, आत या, पडसान!" "पडलो तं मोकळ्यात पडीन ना बापा." गावात हसू व्हायचं. मीही हसायचे. नाही म्हणत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर चुनखडीची खाण. फौजीभाऊंनी घर बांधलं तेव्हा ती लांब होती म्हणे, मग खोदत खोदत जवळ सरकली. तिथं दुपारी सुरुंगाचे बार उडवायचे. आधी भोंगा वाजायचा, लांब, रडल्यासारखा. मग थोडा वेळ सगळं चिडीचूप. मग बार. जमीन पायाखालून एकदा उचलल्यासारखी व्हायची, फळीवरची भांडी एकमेकांना लागायची, आणि मागून पांढरी धूळ. नवीन माणूस दचकायचा. जुना माणूस फक्त भाजीवर झाकण ठेवायचा.

आणि फौजीभाऊ? भोंगा वाजला की ते हातातलं जिथल्या तिथं टाकायचे आणि गल्लीत उतरायचे. पहिलं घर, कडी उघड. दुसरं घर, कडी उघड. गोठा, उघड. कोंबड्यांचं खुराडं, उघड. कोणाच्या मोरीचं दार, आत कोण आहे न बघता, उघड. पळत नसत, पण थांबतही नसत. ओठ घट्ट मिटलेले. गल्लीच्या टोकाची म्हातारी ठार बहिरी होती, तिचं दार शेवटी. ते उघडलं की तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसायचे, आणि बार उडायचा.

मग पुढचा तासभर सगळ्या गल्लीला एकच काम. आपापली जनावरं गोळा करा.

समोरच्या शकूबाईचा जीव सगळ्यात जास्त जळायचा, कारण तिच्या बकऱ्या. सुटल्या की सरळ दुसऱ्याच्या कापसात. तिचं तोंड सुटलं की गल्ली दारात येऊन उभी राहायची.

"फौजीभाऊ, तुमच्या हाताले काई रोग हाये का? माह्या बकऱ्या तुमच्या काय लागतेत? सोयऱ्या हायेत?"

"दावं बांधत जाय, शकू."

"माहं दार, माही कडी, मी दावं काऊन बांधू?"

"मंग कडी लावू नको."

"आयकलं का माय!" ती माझ्याकडे वळायची. "आता माह्या घराले कडी लावाची नाई लावाची हे फौजी सांगन!"

भांडण असं रोजचंच, पोळीवर तूप असल्यासारखं. तासाभरानं तीच शकूबाई भाऊंसाठी वाटीत ठेचा घेऊन यायची. त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते त्या एका दिवशी.

भाऊंनी गोठा उघडला, बकऱ्या सुटल्या. त्यातली एक गाभण बकरी, शकूबाईची लाडकी, हाकेला नावानं येणारी, ती शेताकडे न जाता मोठ्या रस्त्यावर गेली. तिथं सिमेंटच्या ट्रकांची रांग. मी पोचले तेव्हा शकूबाई रस्त्याच्या कडेला मातीत बसली होती, बकरीचं डोकं मांडीवर घेऊन. ओरडत नव्हती. फौजीभाऊ थोडे लांब उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तसेच उभे राहिले.

त्या संध्याकाळी शकूबाईनं नागपूरला फोन केला. भाऊंच्या मुलाला म्हणाली, "बापाले घेऊन जाय बापा. आमच्यानं आता होत नाई." मुलगा सरळ होता. म्हणाला, परवा येतो.

आता नागपूर म्हणजे काय? पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. एका दारावर दुसरं जाळीचं दार, दोन्हींना आपोआप लागणारी कुलपं. लिफ्ट. भाऊ मागं एकदा तिथं चार दिवस राहायला गेले होते. लिफ्टमध्ये चढलेच नाहीत, पाच मजले पायीच. रात्रभर दाराशी खुर्ची टाकून बसले. सून बिचारी घाबरली. नागपूरहून परत आले तेव्हा तोंड असं झालं होतं, जसं कोणी आतून पोखरलं. म्हणजे हा माणूस तिथं गेला तर किती दिवस जगेल, हे मला दिसत होतं. पण बकरीही मेलीच होती ना. शकूबाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार?

मध्ये एक दिवस होता. त्या दिवशी शकूबाईच्या नवऱ्यानं एक गोष्ट केली. माणूस वाईट नाही, उलट भोळा. त्याला वाटलं, बाकीच्या बकऱ्या वाचवायच्या, आणि म्हाताऱ्यालाही ट्रकाखाली जाण्यापासून वाचवायचं. त्यानं सकाळीच, भाऊ शेतात गेले असताना, त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला. बकरी गेल्यापासून मान खाली घालून फिरणाऱ्या भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही. दुपारी भोंगा वाजला, भाऊ पलंगावरून उठायच्या आत ह्यानं बाहेरून कडी घातली. "पाच-दहा मिंटाचा तं सवाल हाये भाऊ," असं दाराबाहेरून समजावलंही त्यानं. "बसा आरामात."

मी नळावरून पाणी घेऊन येत होते. हा कडीजवळ उभा, हसतमुख, काहीतरी चांगलं केल्यासारखा. आतून आवाज नाही. दारावर थाप नाही, शिवी नाही, काहीच नाही.

"काय केलं बे तू?" मी म्हटलं.

"काई नाई वो बाई, शांत हायेत ते. पाहा ना, कसे गप बसले."

तेवढ्यात बार उडाला.

मी हंडा तिथंच सोडला. त्याला ढकललं आणि कडी काढली. आत फौजीभाऊ दाराला लागून पालथे पडले होते. दोन्ही कान हातांनी झाकलेले, तोंड वासलेलं. मला वाटलं संपलं. मी ओरडले. शकूबाई धावत आली. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं?

"बाकीच्यांच्या?"

"बाकीच्यांच्या काय भाऊ?"

"कड्या."

मी खोटं बोलले. म्हटलं, उघड्या आहेत, सगळ्यांच्या. मग ते उठून बसले. तोंड उघडं ठेवायचं असतं, म्हणाले, नाहीतर कानाचे पडदे जातात. फौजेत शिकवतात. मी चहा टाकला. शकूबाई चौकटीला टेकून उभी राहिली, आत आली नाही, गेलीही नाही. तिचा नवरा कोयंड्याचे खिळे उपटत होता, मान वर न करता.

"दारावर थाप तरी माराची भाऊ," मी म्हटलं. "मी आली असती."

"थाप मारून काई होत नाई बाई," ते म्हणाले. आणि मग बशीतला चहा तसाच ठेवून सांगितलं. एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही.

धरल्यावर त्यांना मालगाडीच्या डब्यात घालून कुठंतरी नेत होते. कोणत्यातरी स्टेशनच्या यार्डात गाडी थांबली. दुपारची वेळ. भोंगा वाजला आणि विमानं आली. फटीतून पाहिलं तर आपली विमानं. आपल्याच देशाची. आत कोणीतरी आनंदानं ओरडलंसुद्धा. मग बॉम्ब पडायला लागले.

"वर बी आपलेच, खाली बी आपलेच," भाऊ म्हणाले. "कोणाले सांगाव, इथी आमी हाओ म्हून?"

बाहेर पलीकडचा एक म्हातारा शिपाई पहाऱ्यावर होता. बाकीचे पळाले. तोही पळाला, मग परत आला. कडी काढली, दार ओढलं आणि ओरडला, "निकलो, गड्ढे में!" डब्यातले सगळे उड्या टाकून पळाले आणि रुळांच्या बाजूच्या खड्ड्यात पडले. कोणीही पळून गेलं नाही, जायचं कुठं? तिथंच पुन्हा धरले गेले. सगळे वाचले.

"मंग बरं झालं ना भाऊ," मी म्हटलं.

"आमच्या मागं अजून एक डबा होता. पळता पळता मी त्याच्या बाजूनंच गेलतो. कडी माह्या हाताच्या उंचीवर होती. आतून कोणी ठोकून राह्यलं होतं." त्यांनी बोटांनी पलंगाच्या लाकडावर वाजवून दाखवलं, हळू. "कोण होतं, आपले का त्यायचे, मले ठाऊक नाई. मी गड्ढ्यात गेलो."

पुढं त्या डब्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. शकूबाईनं पदर तोंडावर धरला होता. ती तशीच वळून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी आपली लोखंडी पेटी भरली. मी म्हटलं, "जाऊ नका. मी शकूबाईशी बोलते." तर म्हणाले, "जातो बाई. माह्या पायी लोकायचे जनावरं मरून राह्यले. ते काई बरोबर नाई." एवढ्या शांतपणे म्हणाले, की मला त्यापेक्षा त्यांनी भांडलेलं परवडलं असतं.

मुलगा आला. जेवायला मी माझ्याकडेच बसवलं. भात-वरण केलं, वांग्याची भाजी केली. भाऊ एरवी मला चिडवायचे, "तुमी धानवाले, भाकर पाह्यली का रडता," पण त्या दिवशी मुकाट जेवले. मुलगाही भात नुसता कालवत बसला होता. तो मला हळूच म्हणाला, "काकू, मला काही हौस आहे का त्यांना तिथं कोंडायची? पण रोज कोणाचं ना कोणाचं नुकसान. उद्या माणूस गेलं म्हणजे?" त्याचंही खरंच होतं.

पेटी अंगणात आणली आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

भाऊ ओसरीवर बसले होते. उठले नाहीत. आदल्या दिवशी मुलाला फोनवर शब्द दिला होता, आता कोणाची कडी उघडणार नाही म्हणून. त्यांनी ओसरीच्या कडेचा दगड दोन्ही हातांनी धरला. बोटं पांढरी पडली. मुलगा बापाकडे बघत होता, आणि मला वाटतं पहिल्यांदाच नीट बघत होता.

आणि समोरून शकूबाईचा आवाज आला. तिचा तो भांडणाचा, शिवारभर जाणारा आवाज.

"भाऊ! माहं उघडं हाये! गोठा बी उघडा हाये! बकऱ्या दाव्याले बांधल्या!"

भाऊंनी मान वर केली.

शेजारच्या घरून, "आमचं उघडं हाये, भाऊ!" त्याच्या पलीकडून एक बाई, "इकडचं बी उघडं!" मग एक पुरुष, मग पुढं अजून कोणी. घरामागून घर, आवाज गल्लीत पुढं पुढं जात होता. कोणी हसत सांगत होतं, कोणी लाजत. कोणी नुसतंच "उघडं!" म्हणून मोकळं होत होतं. आदल्या संध्याकाळी शकूबाई घरोघर फिरून आली होती, हे मला मागून कळलं. मला तिनं मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक.

मीही उठले आणि माझ्याच घरमालकांना, त्यांच्याच घरात, ओरडून सांगितलं, "माहं बी उघडं हाये भाऊ!" वास्तविक माझ्या दाराला कडीच नव्हती. पण राहवेना.

भाऊ प्रत्येक आवाजाकडे तोंड फिरवत होते. दगडावरचे हात केव्हा सुटले ते मी पाहिलं नाही. शेवटचा आवाज आला आणि ते अस्वस्थ झाले.

"टोकावरच्या म्हातारीचं आयकू नाई आलं."

"भाऊ, ते बहिरी हाये!" शकूबाई तिकडून करवादली. "तिले कुठला भोंगा अन् कुठलं काय! तिचं माह्या नवऱ्यानं उघडलं, तिथीच उभा हाये तो!"

बार उडाला. भांडी वाजली, धूळ आली. भाऊ जागेवरच होते. तोंड तेवढं उघडं होतं, शिकवल्याप्रमाणे. मग त्यांनी ते मिटलं आणि खोल श्वास घेतला. अंगणात कोंबडी नाही, बकरी नाही, रस्त्याकडे कोणी धावत नाही. इतकी निवांत दुपार त्या गल्लीनं कधी पाहिली नसेल.

शकूबाई रस्ता ओलांडून आली. डोळे लाल, पण आवाज तसाच. मुलगा तिला म्हणाला, "मावशी, हे असं रोज करणार का तुम्ही?"

"तुह्या बापानं रोज केलं," ती म्हणाली. "आमाले काय झालं?"

मुलानं पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. भाऊ उठून चुलीशी येऊन बसले. मला म्हणाले, "भात राह्यला असन तं वाढ थोडा." आणि पोटभर जेवले.

त्यानंतर आम्ही तिथं होतो तोवर रोज हे चाललं. नव्या सुना यायच्या, त्यांना सासू चुलीआधी हे शिकवायची. कधी कोणी विसरलं तर भाऊ नुसते त्या घराकडे बघत, आणि दुसराच कोणी जाऊन उघडून यायचा. बकऱ्यांना दावी लागली, कापूस वाचला. भाऊंचं वजनही थोडं वाढलं असावं. निदान अर्धी पँट घट्ट झाली होती.

एका थंडीत मुलगा नवी मोटार घेऊन आला, सुनेला घेऊन. गाडी चिंचेखाली उभी केली. भाऊ ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भोंगा वाजला. समोरून, शेजारून आवाज सुरू झाले. आणि मुलगा ताटावरून उठला, खरकट्या हातानं गेला, गाडीचे चारही दरवाजे धडाधड उघडले आणि शहरातल्या माणसाला ओरडताना येतो तसा चिरका आवाज काढून म्हणाला, "बाबा! गाडी उघडी आहे!"

भाऊंनी शेंगांवरून नजरसुद्धा काढली नाही.

"डिक्की?" म्हणाले.

मुलगा मागं धावला.